टिपऱ्यांना एक पत्रिका

मंगळवारी दुपारी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले आणि माझा नंबर आला तशी लाईट गेली. गिरणीवाले काका म्हणाले, बसा, येईल अर्ध्या तासात. चक्की बंद पडली की आधी बराच वेळ नुसते कान वाजत राहतात आणि मग एकदम बाहेरच्या चिमण्या, कुणाचा तरी प्रेशर कुकर, यवतेश्वरच्या घाटाकडं चाललेल्या गाड्या असं सगळं ऐकू यायला लागतं. बाकड्यावर माझ्या शेजारी दोघीजणी होत्या, एकीचे गहू, दुसरीची भाजणी. गहूवाल्या मावशी मोबाईलवर 'लागिरं झालं जी'चं काहीतरी बघत होत्या, आवाज फुल्ल.

"ह्याचा आता पिच्चर काढाय पायजे," त्या म्हणाल्या.

"कशाला वो? लगीन झालं, पोरगा फौजेत गेला. आता काय राह्यलंय?"

"असं कसं काय राह्यलंय? पोरंबाळं न्हाईत व्हय?"

आणि मग जे सुरू झालं ते सुरू झालं. भाजणीवाल्या ताईंचं म्हणणं, त्यातला व्हिलन तो भय्यासाहेब आता पिक्चरमध्ये आला तर तो इंजेक्शन घेऊनच आलाय असं वाटणार, कारण मधल्या काळात त्यानं 'देवमाणूस'मध्ये डॉक्टर होऊन इतक्या लोकांना मारलंय की आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार. पॉइंट होता. काका पट्ट्याला हात पुसत म्हणाले, तिकीट काढून कोण जाईल का पण, घरात फुकट बघायची सवय लागलेली. मावशी म्हणाल्या, मी जाईन.

मी काही बोलले नाही. मला बोलायचा अधिकारच नाही, कारण मी कुठल्याच मालिकेचा शेवटचा भाग बघत नाही. घरात यावरून माझी पुरेशी चेष्टा झालेली आहे, नवरा तर मला 'शेवटून दुसरा एपिसोड' म्हणतो. पण सवय आहे, आता जात नाही. 'लागिरं' सुद्धा २०१७ पासून दोन वर्षं इमानदारीत बघितली, आमच्याच सातारा जिल्ह्यातलं शूटिंग, आमच्याच बोलण्यातलं बोलणं, फौजींचं गाव असलेल्या अपशिंग्यात दूरची का होईना पाव्हणेमंडळी असल्यानं फौजेत जाणाऱ्या पोरांचं कौतुक घरचंच. आणि २०१९ च्या जूनमध्ये शेवट जवळ आला तशी दिवेलागणीला टीव्ही बंद करून मी मंगळवार तळ्याकडं फिरायला निघून गेले.

ही खोड लागली ती आजीमुळं. खरं तर लोडशेडिंगमुळं, पण आजीमुळं.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ला अल्फा मराठीवर सुरू झालं तेव्हा मी दहावीत होते, म्हणजे टीव्ही बघायला बंदी आणि टिपऱ्यांना सूट. आजोबा म्हणजे आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. माची पेठेतल्या आमच्या घरात तेव्हा माणसं सहा आणि बघायची खोली एक, आजी कॉटवर, बाकी सगळे खाली, आणि आजोबांची खुर्ची अशी तिरकी की त्यांना अर्धा टीव्ही आणि अर्धं स्वयंपाकघर दिसायचं, दोन्हीकडं लक्ष. आजीला टिपऱ्यांचं सगळं आवडायचं, फक्त एक तक्रार. "ही माणसं बोलत्यात का वाचून दाखवत्यात?" म्हणायची. टीव्हीवरचं कुणीच तिच्यासारखं बोलायचं नाही. तरी आबांना माफ होतं. आबांना तिच्या लेखी सगळं माफ होतं.

त्यांचा शेवटचा भाग होता त्या दिवशी लाईट गेली. त्या काळात लाईट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे, वेळापत्रकच असायचं, पण त्या दिवशीची वेळ ठरलेली नव्हती. आम्ही बराच वेळ अंधारात टीव्हीकडं बघत बसलो. खरंच बसलो, काळ्या पडद्याकडं, जणू काय तोंड करून बसलं तर येईल. मग आई म्हणाली जेवून घ्या. मेणबत्तीत जेवलो आणि जेवताना शेंगदाण्याची चटणी वाढता वाढता आजीनं सांगून टाकलं की शलाकाचं लग्न ठरलं.

"कुणाशी?" मी.

"आपल्या साताऱ्याचाच हाय. शेतकी खात्यात."

शलाका टिपरेचं स्थळ साताऱ्याचं! सदरबझारला स्वतःचं घर, वडील रिटायर, एक बहीण ती कऱ्हाडला दिलेली. आजीनं इतकं डिटेलमध्ये सांगितलं की बाबा म्हणाले, पत्रिका जमतीय का बघितलं का. आजी म्हणाली, आबांनी बघितलीय.

इथं संपायला पाहिजे होतं, पण आजीचं संपलं नाही. मेथी निवडताना, दुपारी आडवं पडल्यावर, मधेच कधीतरी टिपऱ्यांची खबर यायची. शिऱ्याला पुण्यात नोकरी लागली. श्यामलाचे गुडघे दुखायला लागले (त्याच महिन्यात आजीचे लागले होते). आणि आबा मुंबईला कंटाळून शलाकाकडं साताऱ्याला राहायला आले, रोज सकाळी अजिंक्यतारा निम्म्यापर्यंत चढतात आणि खाली येऊन मोती चौकात लपून कंदी पेढा खातात. शलाका रागावते. आबांना मरू मात्र तिनं कधी दिलं नाही. एकदा मी मुद्दाम विचारलं, आबांचं वय किती झालं गं आता, तर म्हणाली, तुला काय करायचंय, उद्योग नाही दुसरा?

माझं लग्न ठरलं २००९ ला. पत्रिका वाटायची यादी करत आम्ही सगळे बसलेलो, आजी कॉटवरून सांगत होती, कोडोलीवाले, लिंबवाले, अमुक तमुक, आणि त्याच सुरात म्हणाली, "टिपऱ्यांना एक पाठव." बाबा लिहीत होते. ते एक क्षण थांबले आणि त्यांनी लिहिलं. चेष्टा होती का नव्हती ते तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि आता विचारायला आजीही नाही आणि बाबाही नाहीत.

तर शेवटचे भाग आता मोबाईलवर शोधले की सापडतात म्हणे. भाच्यानं मला टिपऱ्यांचा लावून द्यायची ऑफर दिलेली आहे, मी नको म्हणाले. तोच भाचा पिक्चरच्या बाजूचा. म्हणतो, बाहेर तर सर्रास निघतात, डाउनटन ॲबी २०१५ ला मालिका म्हणून संपलं आणि २०१९ ला पिक्चर म्हणून आलं. त्याला वाटतं हे काहीतरी नवीन आहे. अरे, आपल्याकडं चिमणराव दूरदर्शनवर गाजले आणि लगेच १९७९ ला 'चिमणराव गुंड्याभाऊ' पिक्चर आला, आणि चिमणराव कोण तर दिलीप प्रभावळकर, म्हणजे आपले आबाच. हिंदीत 'ऑफिस ऑफिस'च्या मुसद्दीलालचा २०११ ला आला. 'खिचडी'चा तर २०१० ला एक आणि २०२३ ला दुसरा. पहिला मी बघितला. वाईट नव्हता हो, पण घरात आमच्या सोबत अर्धा तास बसून वेडेपणा करणारी माणसं तिथं एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या मोठ्या तोंडांनी... मला सारखं वाटत होतं मधेच कुणीतरी उठून दूध बघून येईल. कोण उठणार, तिकिटाचे पैसे भरलेले.

आणि पिक्चरमध्ये गोष्ट पक्की होते, हा माझा खरा राग. उद्या टिपऱ्यांचा काढला आणि त्यात शलाका अमेरिकेत निघाली तर सदरबझारच्या घराचं काय करायचं मी?

हे सगळं मी गिरणीत अर्थातच बोलले नाही. तिथं आता वाद कुठल्या कुठं गेलेला, मावशींनी पिक्चरचं इंटरव्हलपर्यंतचं सगळं रचून टाकलेलं, बॉर्डर, बारसं, गावची जत्रा, भय्यासाहेबाला पण सुधारून घेतलेला. काका सुद्धा त्यात पडले होते, तिकीट कोण काढणार म्हणणारे तेच. मावशी सांगत होत्या, सुट्टीवर आलेला फौजी अज्या वाड्यात शिरतो आणि आधी हाक मारतो, जिजी...

आणि त्या थांबल्या.

"त्या गेल्या की वो," ताई म्हणाल्या. "कोरोनाच्या सालात."

कमल ठोके. 'लागिरं'मधल्या जिजी, अज्याची आजी. कऱ्हाडच्या, पेशानं शिक्षिका. २०२० च्या नोव्हेंबरात गेल्या. आमच्या आजीनंतर टीव्हीवर पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासारखं बोललं होतं ते जिजी, वाचून न दाखवता. आजीनं ते ऐकलं नाही, तिला चार वर्षं कमी पडली.

"मग दुसरी कुणीतरी घ्यावी लागंल," काका म्हणाले.

मावशी काही बोलल्या नाहीत. गव्हाच्या पिशवीचं तोंड उगाचच सोडून परत बांधलं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मग," आणि तेवढ्यात लाईट आली, काकांनी पट्टा चढवला आणि पुढचं कुणाचं काही ऐकू आलं नाही. माझी ज्वारी जरा जाडच दळली गेली.