एका विजयाचा हंगाम : कॅन्सस स्टेट आणि कोच स्नायडर

ऑगस्ट 2011 मध्ये ज्वारीवर संशोधन करण्यासाठी मी परभणीहून अमेरिकेतल्या मॅनहॅटन या गावी गेलो, तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम ठाऊक नव्हता. हे मॅनहॅटन न्यूयॉर्कमधले नव्हे. कॅन्सस राज्यात, फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांच्या मध्ये, 1863 साली स्थापन झालेल्या कॅन्सस स्टेट या कृषिप्रधान विद्यापीठाभोवती वाढलेले ते सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव आहे. त्या टेकड्यांच्या मातीत चकमकीचा दगड इतका आहे की तिथे नांगर चालत नाही, म्हणून गवत टिकले; आणि बाकी कॅन्ससमध्ये गहू व ज्वारी इतकी पिकते की आमच्यासारख्यांना तिकडे जाण्याचे कारण मिळते. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की गावात जिकडेतिकडे जांभळा रंग आहे, गावाकडे येणाऱ्या महामार्गाला आणि विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमला एकाच माणसाचे नाव दिलेले आहे, आणि तो माणूस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याच स्टेडियममध्ये रोज संघाचा सराव घेत आहे. त्यांचे नाव बिल स्नायडर.

तिथल्या तीन वर्षांत मी हा खेळ शिकलो, पण त्याहून अधिक मी त्या संघाचा इतिहास शिकलो, कारण प्रयोगशाळेतले वडीलधारे सहकारी प्रत्येक सामन्याची तुलना जुन्या एखाद्या सामन्याशी करत आणि ती समजण्यासाठी मागे जावेच लागे. आज त्यावर लिहीत आहे ते एका ठाम मतापोटी. स्नायडर यांची महती सांगताना सगळे जण अकरा-अकरा विजयांचे हंगाम मोजतात. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीचा गाभा 1989 च्या हंगामात दिसतो, ज्यात संघ अकरा सामने खेळला आणि त्यांपैकी दहा हरला.

ते समजण्यासाठी आधीची अवस्था माहीत हवी. कॅन्सस स्टेट हा महाविद्यालयीन फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीत पाचशे पराभवांचा आकडा गाठणारा पहिला संघ होता. हंगाम संपल्यावर चांगल्या संघांना निमंत्रणाने जे सामने खेळायला मिळतात, ज्यांना तिकडे ‘बोल’ म्हणतात, त्यांपैकी एकच सामना या विद्यापीठाच्या वाट्याला आजवर आला होता, तोही 1982 साली. 1987 मध्ये संघाने एक सामना बरोबरीत सोडवला आणि दहा गमावले; 1988 मध्ये अकराच्या अकरा गमावले. ऑक्टोबर 1986 पासून सलग सत्तावीस सामन्यांत एकही विजय नव्हता. एका प्रसिद्ध क्रीडा साप्ताहिकाने देशातला सर्वांत निष्फळ संघ म्हणून त्यांच्यावर मोठा लेख छापला. हा संघ आता मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपापसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, राहू नये, असे गावातही उघड बोलले जात होते.

नोव्हेंबर 1988 मध्ये स्नायडर यांनी ही जबाबदारी स्वीकारली तेव्हा ते 49 वर्षांचे होते आणि आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली दहा वर्षे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम करत होते. मोठ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी कधी भूषवलेले नव्हते. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांनी सांगितले की महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत मोठे परिवर्तन घडवण्याची संधी इथे आहे. ज्या संघाला दोन वर्षांत एकही सामना जिंकता आला नव्हता, त्याच्या खेळाडूंसमोर हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते.

पहिले तीन सामने ते हरले. त्यात नॉर्दर्न आयोवासारख्या खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्धचाही एक होता. विजयाविना गेलेल्या सामन्यांची संख्या तीसवर पोहोचली. 30 सप्टेंबर 1989 रोजी घरच्या मैदानावर नॉर्थ टेक्सासशी गाठ पडली. आयोवाला जाण्यापूर्वी स्नायडर आणि फ्राय यांनी याच नॉर्थ टेक्सासमध्ये काम केले होते. सामना संपत आला तेव्हा कॅन्सस स्टेट मागे होते. शेवटच्या खेळीवर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळी चालवणारा खेळाडू, कार्ल स्ट्रॉ याने फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझने गोलक्षेत्रात झेलला, घड्याळ संपले आणि 20-17 असा विजय मिळाला. त्या हंगामात त्यानंतर दुसरा विजय आला नाही.

हा एकच विजय मला इतका महत्त्वाचा का वाटतो, हे सांगायला हवे. स्नायडर यांनी संघासाठी सोळा उद्दिष्टे लिहून ठेवली होती. बांधिलकी, निःस्वार्थपणा, एकजूट, चिकाटी, सातत्य, चुका टाळणे, पराभव मान्य न करणे अशी ती उद्दिष्टे आहेत. त्यांत अजिंक्यपद नाही आणि अमुक इतके सामने जिंकायचे असा आकडाही नाही. त्यातले एक उद्दिष्ट फक्त ‘सुधारणा’ एवढेच आहे, आणि ते शब्दशः घ्यायचे: आज जो खेळाडू जसा आहे, त्याहून उद्या तो किंचित चांगला व्हावा. हरण्याची सवय लागलेल्या मुलांना जिंकण्याचे स्वप्न दाखवले असते तर ते आठवडाभरही टिकले नसते. किंचित चांगले होण्याची अपेक्षा मात्र शंभर टक्के पुरी करता येते. ज्वारीच्या वाणनिवडीत आम्ही जे पिढ्यान्‌पिढ्या करतो, त्याच्याशी हे जुळते, म्हणूनही कदाचित ते मला भिडले असेल.

त्यानंतरचे आकडे वाचा. 1990 मध्ये पाच विजय, 1991 मध्ये सात, 1992 मध्ये पुन्हा पाच. मग 1993 मध्ये नऊ विजय आणि कॉपर बोलमध्ये वायोमिंगवर 52-17 अशी मात. विद्यापीठाच्या इतिहासातला तो पहिला बोल विजय. 1993 ते 2003 अशी सलग अकरा वर्षे हा संघ बोल सामन्यात खेळला, आणि 1997 ते 2003 या सात हंगामांपैकी सहा हंगामांत त्याने प्रत्येकी अकरा सामने जिंकले.

हे माणसांमुळे झाले. कॅन्ससमध्ये दोन वर्षांची छोटी महाविद्यालये पुष्कळ आहेत, आणि मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली किंवा ज्यांच्याकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते अशी मुले तिथे खेळत असत. स्नायडर यांनी ती वेचली. शिष्यवृत्ती न मिळताही संघात येणाऱ्या गावोगावच्या मुलांना त्यांनी जागा दिली. साहाय्यक प्रशिक्षकांची त्यांची निवड तर थक्क करणारी आहे: बॉब स्टूप्स, माइक स्टूप्स, जिम लेविट, मार्क मँजिनो, ब्रेट बिलेमा, आणि आधी खेळाडू व मग प्रशिक्षक म्हणून घडलेले ब्रेंट व्हेनेबल्स, हे सर्व पुढे मोठ्या विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षक झाले. स्वतः स्नायडर दिवसातून एकदाच, रात्री उशिरा जेवत, कारण जेवणात वेळ जातो. ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मला ती गावाने रचलेली दंतकथा वाटली होती. ती खरी निघाली.

त्यांच्यावर एक टीका सतत होत असे, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. कॉन्फरन्सबाहेरचे जे सामने विद्यापीठ स्वतः ठरवू शकते, तिथे ते दुबळे प्रतिस्पर्धी निवडत. माझ्या मते सुरुवातीच्या वर्षांत हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, कारण जिंकण्याची सवयही जिंकूनच लागते. परंतु संघ बलाढ्य झाल्यावरही तो बदलला नाही, आणि 1998 मध्ये त्याची किंमत मोजावी लागली असे म्हणायला जागा आहे.

1998 हा त्यांचा सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुःखद हंगाम. टेक्सासमधल्या एका छोट्या महाविद्यालयातून आलेला मायकेल बिशप क्वार्टरबॅक होता; वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. मार्टिन ग्रामाटिका या किकरने त्या वर्षी 65 यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून पाठवला. 14 नोव्हेंबरला नेब्रास्काला 40-30 असे हरवले, तेव्हा त्या संघाविरुद्धचा तीस वर्षांचा दुष्काळ संपला. अकरा सामने, अकरा विजय, आणि प्रशिक्षकांच्या मतदानात देशात पहिला क्रमांक. 5 डिसेंबरला सेंट लुईसमध्ये टेक्सास ए अँड एमविरुद्ध कॉन्फरन्सचा अंतिम सामना होता. त्याच दिवशी तिकडे शर्यतीतले यूसीएलए विद्यापीठ हरल्याची बातमी आली आणि हा सामना जिंकला की राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत जागा मिळणार हे स्पष्ट झाले. चौथ्या सत्रात कॅन्सस स्टेट 27-12 असे पुढे होते. ती आघाडी गेली. नियमित वेळेच्या शेवटच्या खेळीवर बिशपने फेकलेला लांब चेंडू झेलला गेला, पण झेलणारा गोलरेषेच्या अगदी तोंडाशी अडवला गेला. आणि दुसऱ्या जादा सत्रात 36-33 असा पराभव पदरी पडला. त्यानंतर मोठ्या बोल सामन्यांच्या आयोजकांनी एकामागून एक या संघाला डावलले, आणि क्रमवारीत तिसऱ्या स्थानी असलेला हा संघ अॅलामो बोलमध्ये जाऊन पर्ड्यूकडून 37-34 असा हरला. पुढच्या वर्षी नियम बदलून तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला मोठ्या बोल सामन्यांत हमखास स्थान देण्यात आले. त्या नियमाला लोक आजही कॅन्सस स्टेटचा नियम म्हणतात. माझ्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ त्या रात्री सेंट लुईसच्या स्टेडियममध्ये होते. तेरा वर्षांनंतरही त्या शेवटच्या झेलाबद्दल बोलताना ते क्षणभर थांबत.

पाच वर्षांनी, 2003 मध्ये, भरपाई झाली, आणि तीही अनपेक्षित. हंगामाच्या मध्यात सलग तीन पराभव झाले होते. तिथून सावरून संघ कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा समोर बारापैकी बारा सामने जिंकलेला, देशात पहिल्या क्रमांकावर असलेला ओक्लाहोमाचा संघ होता, आणि त्याचे प्रशिक्षक होते बॉब स्टूप्स, म्हणजे स्नायडर यांनीच घडवलेला माणूस. पहिला टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, ओक्लाहोमाने केला. त्यानंतरचे पस्तीसच्या पस्तीस गुण कॅन्सस स्टेटचे. डॅरेन स्प्रोल्स हा साडेपाच फुटांचा स्थानिक मुलगा त्या दिवशी चेंडू घेऊन 235 यार्ड धावला, आणि 1934 नंतर प्रथमच कॉन्फरन्सचे विजेतेपद मॅनहॅटनला आले.

पुढची दोन वर्षे पडती होती. 2005 च्या अखेरीस स्नायडर निवृत्त झाले आणि स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचे नाव देण्यात आले. मधली तीन वर्षे दुसऱ्या प्रशिक्षकांची. मग 69 वर्षांच्या स्नायडर यांना विद्यापीठाने परत बोलावले आणि ते आले.

मी पाहिले ते हे दुसरे पर्व. 2011 मध्ये संघाने दहा सामने जिंकले, त्यांतले बरेच निसटत्या फरकाने. टेक्सास ए अँड एमविरुद्धचा सामना चार जादा सत्रांपर्यंत गेला आणि 53-50 असा आपल्या बाजूने संपला. त्या रात्री मला हा खेळ खऱ्या अर्थाने कळला. 2012 मध्ये क्वार्टरबॅक कॉलिन क्लाइनने संघाला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत अजिंक्य ठेवले, आणि राष्ट्रीय विजेतेपदाची लढत ठरवणाऱ्या बीसीएस क्रमवारीत कॅन्सस स्टेट इतिहासात प्रथमच पहिल्या क्रमांकावर आले. तो आठवडा गावाने कसा घालवला हे शब्दांत मांडणे कठीण आहे; किराणा दुकानात अनोळखी माणसे एकमेकांचे अभिनंदन करत होती. 17 नोव्हेंबरला बेलर विद्यापीठाने 52-24 असे हरवले. मी तो सामना एका मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिला. 1998 पाहिलेली माणसे त्या खोलीत होती, आणि त्यांच्यापैकी कोणीही एक शब्द बोलले नाही.

दोन आठवड्यांनी, 1 डिसेंबरच्या संध्याकाळी, मी स्टेडियममध्ये होतो. टेक्सासला 42-24 असे हरवून संघाने कॉन्फरन्सचे संयुक्त विजेतेपद मिळवले. राष्ट्रीय विजेतेपदाची आशा संपलेली असताना तो संघ ज्या शिस्तीने खेळला, त्यात मला 1989 चे ते ‘सुधारणा’ हे उद्दिष्ट दिसले. शेवटच्या शिट्टीनंतर स्नायडर नेहमीप्रमाणे प्रतिस्पर्धी खेळाडूंशी हात मिळवत होते. विरोधी संघातल्या चांगल्या खेळलेल्या किंवा जखमी झालेल्या मुलांना ते नंतर स्वतःच्या हाताने पत्र लिहीत, हे तिथे सर्वांना माहीत होते.

मी 2014 मध्ये परतलो. 2017 मध्ये घशाच्या कर्करोगावर उपचार घ्यावे लागले तरी त्यांनी हंगाम सोडला नाही आणि आठ सामने जिंकले. 17 नोव्हेंबर 2018 चा टेक्सास टेकविरुद्धचा सामना मी परभणीत रात्री जागून पाहिला. घरच्या मैदानावर त्यांच्या संघाने समोरच्यांना एकही टचडाउन करू दिला नाही आणि 21-6 असा विजय मिळवला. तो त्यांचा 215 वा आणि अखेरचा विजय ठरला. पुढच्या शनिवारी आयोवा स्टेटविरुद्ध हातातला सामना 42-38 असा निसटला, बोल सामन्यासाठी लागणारा सहावा विजय मिळाला नाही, आणि 2 डिसेंबरला, 79 वर्षांचे असताना, ते निवृत्त झाले.

बातमी वाचली त्या दिवशी मी 1989 च्या त्या सामन्याची जुनी, अस्पष्ट चित्रफीत शोधून पुन्हा पाहिली. स्ट्रॉ मागे सरकतो, चेंडू फेकतो, आणि घड्याळात काहीही शिल्लक नसताना तो हर्नांडेझच्या हातात पडतो.