म्हाताऱ्या मांजराची चाल

मांजर तेरा-चौदा वर्षांचं होतं, ओट्यावर उडी मारेनासं होतं, आणि घरात ठरून जातं की "आता वय झालंय त्याचं." वय झालं म्हणून उडी बंद होत नाही. सांधा दुखतो म्हणून होते, नाहीतर नसा कमजोर होतात म्हणून, नाहीतर रक्तात पोटॅशियम कमी पडतं म्हणून. आणि या तिन्हींची चाल वेगवेगळी असते. नीट पाहिलं तर घरबसल्या बरंच कळतं.

सगळ्यात जास्त आढळते ती सांध्यांची झीज. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले होते. त्यांतल्या ९० मांजरांत झीज दिसली. तरीही लंगडणारं मांजर क्वचितच दिसतं, कारण झीज बहुधा दोन्ही बाजूंना असते. मग लंगडणार तरी कुठल्या पायाने? म्हणून उड्या बघा. पूर्वी थेट कपाटावर जाणारं मांजर आता आधी खुर्चीवर, मग टेबलावर जातं. उडीआधी थांबतं, अंदाज घेतं, कधी बेत सोडून देतं. उतरताना पुढचे पाय भिंतीवरून घसरवत नेतं आणि धप्पकन पडतं. जिन्यावर मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतं. कंबर वळत नाही म्हणून पाठीच्या शेवटाकडचे केस चाटायचे राहतात, तिथे जटा होतात, कोंडा दिसतो.

नखंही बघाच. खांबावर किंवा गोणपाटावर खाजवणं कमी झालं की नखाची जुनी साल पडत नाही. नख जाड होतं, आत वळतं आणि पंजाच्या गादीत रुततं. अंगठ्याचं नख यात सगळ्यात पुढे, कारण ते जमिनीला टेकतच नाही. दर पंधरा दिवसांनी गादी हलकी दाबून नख बाहेर काढा आणि आतल्या गुलाबी शिरेच्या २ मिलिमीटर अलीकडे, फक्त टोक कापा. गादीत रुतलेलं नख मात्र घरी ओढू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता टाच. मांजर एरवी बोटांवर चालतं, मागची टाच अधांतरी असते. ती फरशीला टेकवून सपाट पावलाने चालायला लागलं, तर पहिला संशय मधुमेहाचा घ्यायचा. वाढलेल्या साखरेने नसा कमजोर होतात. सोबत तहान, शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठमोठे गोळे आणि खाऊनही घटणारं वजन असतं. एक अडचण अशी की घाबरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात तशीही चढते. म्हणून एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करण्याआधी फ्रुक्टोसामीन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीतली साखर तपासून घ्यावी. साखर लवकर आटोक्यात आली तर टाच पुन्हा उचलली जाऊ शकते, पण त्याला महिने लागतात.

मान खाली लोंबते, हनुवटी छातीला लागते आणि मांजर डोळेच वर करून बघतं, हे पोटॅशियम घटल्याचं ठळक लक्षण. मूळ बहुतेकदा किडनीत असतं.

मागचे पाय क्षणात लुळे पडले, थंड झाले, गाद्या फिकट किंवा निळसर दिसल्या आणि मांजर कळवळून ओरडत असेल, तर कंबरेशी रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. पाय चोळत बसू नका, गरम पिशवी लावू नका. त्याच मिनिटाला निघा.

वजन दर आठवड्याला करा. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो घटणं, पण हाताला ते कळत नाही. डिजिटल काट्यावर टब ठेवून त्यात मांजर बसवलं की काम होतं. पाणी मोजून ठेवा. उडून जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबासाठी तेवढंच पाणी दुसऱ्या भांड्यात, मांजराचं तोंड पोहोचणार नाही असं ठेवा. ४ किलोचं मांजर दिवसाला २०० मिलीच्या वर पीत असेल तर तपासणी हवीच.

रक्तात क्रिएटिनिन आणि एसडीएमए (दोन्ही किडनीचं काम सांगतात), पोटॅशियम, साखर आणि टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) बघायला सांगा. भूक वाढून वजन घटत असेल, रात्री ओरडत असेल तर टी-४ अजिबात सोडू नका. वाढलेला थायरॉइड किडनीचा आजार झाकतो: किडनीची गाळणी जोरात चालते, स्नायू झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन फसवं कमी येतं. लघवीचा नमुना सलाइन लावण्याआधी घ्यायला हवा, नाहीतर ती पातळ का आली हे सांगता येत नाही. बीपीही मोजून घ्या. वरचा आकडा शांत बसलेल्या मांजरात पुन्हापुन्हा १६०च्या वर आला तर डोळ्यांना आणि किडनीला धोका असतो. सगळ्या दवाखान्यांत ते यंत्र नसतं, आधी फोन करून विचारा.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नको. मेलॉक्सिकॅम डॉक्टर देतात, पण किडनी तपासून. कुत्र्यांचं पातळ औषध साधारणपणे १.५ मिलिग्रॅम प्रति मिली असतं आणि मांजरांचं ०.५, म्हणजे बाटली चुकली तर डोस तिप्पट.

घरात पहिला बदल ट्रेचा करा. मांजर ट्रेबाहेर शी करतं ते बहुतेकदा कड ओलांडताना दुखतं म्हणून, त्यावर ओरडू नका. मोठ्या प्लॅस्टिक टबची एक बाजू जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटरवर कापा, धारेवर जाड टेप लावा. ४५ सेंटिमीटर उंच सोफ्यापुढे १५ आणि ३० सेंटिमीटरच्या दोन भक्कम पायऱ्या पुरतात, वर सतरंजी घट्ट ताणून ठोकलेली असावी. हलणाऱ्या पायरीवर मांजर दुसऱ्यांदा चढत नाही. जेवणाची वाटी पाटावर ठेवा. झोपायची जागा, पाणी आणि ट्रे यांच्यामधल्या गुळगुळीत फरशीवर न सरकणारी मॅट अंथरा.

डॉक्टरांकडे मांजर टेबलाला चिकटून बसतं, चालत नाही. म्हणून घरीच फोन जमिनीलगत धरून मागून चालताना, बाजूने चालताना आणि सोफ्यावर चढता-उतरताना चित्रण करून न्या. महिन्याने त्याच जागी पुन्हा घ्या. औषध लागू पडतंय का, ते जुनं-नवं चित्रण शेजारी ठेवलं की डॉक्टरांनाही लगेच दिसतं.