आरच्या पायासाठी उतरवलेला बोर्ड

धरमपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा बोर्ड दुपारी लावला आणि संध्याकाळी उतरवायला लागला. तक्रार डॉक्टरांची नव्हती, त्यांच्या मुलाची होती. पोरगा डिझाइन शिकतो, सुट्टीत घरी आलेला. "काका, हा हेल्वेटिका फॉन्ट नाही. एरियल लावलंय तुम्ही."

त्याचं बरोबर होतं. त्यानेच कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल आमच्या मशीनवर उघडली तेव्हा फॉन्ट सापडत नसल्याची सूचना आली आणि आमच्या ऑपरेटरने ती न वाचता ओके दाबलं. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. डिझाइन शिकणारेच ते सगळ्यात कमी ऐकतात. एरवी फॉन्ट बदलला की ओळ सरकते, लगेच कळतं. इथे काहीच सरकलं नाही. एरियल 1982 साली मोनोटाइपमध्ये तयार झाला तो हेल्वेटिकाच्याच मापाने, अक्षराला अक्षर तेवढीच रुंदी.

पोरगा मोबाइलवर झूम करून इंग्रजी आर अक्षराचा पाय दाखवत होता. हेल्वेटिकात तो जवळजवळ सरळ खाली येतो, एरियलमध्ये तिरका पळतो. खरं सांगतो, एरियलला शिव्या घालणं ही निव्वळ फॅशन आहे. कागदावर तो कुणाचं काही बिघडवत नाही. ॲक्रिलिकमध्ये मात्र फरक हाताला लागतो. हेल्वेटिकाच्या सी आणि एसची टोकं आडवी, सपाट कापलेली. लेझरखालून निघालेलं अक्षर बघत राहावं. एरियलची तिरकी टोकं फूटभर उंचीला कानशीने घासल्यासारखी दिसतात.

पण लॅबच्या बोर्डाला मी हेल्वेटिकाही दिला नसता. 1957 चा हा स्विस फॉन्ट देखणा आहे, पण त्याच्या सी आणि ईची तोंडं मिटलेली. रात्री एलईडी लागला की उजेड पसरतो आणि लांबून अक्षर गोळा होतं. फ्रुटिगर घ्या, तोंडं उघडी. पॅरिसच्या विमानतळाच्या पाट्यांसाठीच केलेला.

आणि या सगळ्या वादाच्या वर मराठी ओळ होती. महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी आधी आणि इतर भाषेपेक्षा लहान नको, म्हणून 'रक्त तपासणी केंद्र' सगळ्यात वर. फॉन्ट मंगल. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी केला. पोराने तो इंग्रजी ओळीच्या रुंदीला आडवा ताणलेला. उभे दांडे जाडजूड, शिरोरेषा त्यामानाने बारीक, 'क्त' तर ओळखू येईना. मी विचारलं, "याचं काय?"

"ते चालेल ना काका, मराठीच आहे."

इंग्रजीच्या नव्या कटिंगचा खर्च अर्धा-अर्धा केला. मराठी ओळ मी माझ्या पैशाने मुक्ता फॉन्टात कापली, न ताणता. बोर्ड पुन्हा चढल्यावर डॉक्टर खाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वरच्या ओळीला दोन्ही बाजूंनी जागा उरली हो. थोडं ताणता नाही येत का?"