निवडक ब्रायन अ‍ॅडम्स

कॅनडाचा रॉक गायक ब्रायन अ‍ॅडम्स याचं एकच काही घरात असेल, तर ते बहुधा ‘सो फार सो गुड’ असतं. १९९३ साली आलेला, १४ गाण्यांचा, तासाभराचा संग्रह. पहिलंच गाणं ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’. नाशकात कॉलेजच्या गॅदरिंगला नवखा बँड स्टेजवर चढला की हे गाणं आलंच, आणि त्याला कारणही आहे. डी आणि ए या दोन कॉर्डवर कडवं निघतं, पुढे बी मायनर आणि जी जमले की झालं. फजिती होते ती मधल्या तुकड्यात. तिथे गाणं न सांगता एफ आणि बी फ्लॅटकडे वळतं, बेसवाला डीवरच बसून राहतो आणि पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या थांबवून एकमेकांकडे बघतात. इतकं अंगवळणी पडलेलं गाणं सुरुवातीलाच ठेवलं की ऐकणारा खूश होतो आणि उरलेली १३ कोणी तपासत नाही.

तपासायचं तर पेन्सिल घ्यावी आणि कव्हरमागच्या यादीतल्या प्रत्येक गाण्यापुढे मूळ अल्बमचं नाव लिहावं. पाच मिनिटांचं काम, पण पितळ इथेच उघडं पडतं. १९८४ च्या ‘रेकलेस’मधली सहा. ‘कट्स लाइक अ नाइफ’ (१९८३) आणि ‘वेकिंग अप द नेबर्स’ (१९९१) यांतली तीन-तीन. ‘इनटू द फायर’मधलं (१९८७) एक, आणि एक नवंकोरं. १९८० आणि १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या दोन अल्बममधलं एकही नाही. मूळ ‘रेकलेस’वर गाणीच दहा, त्यातली सहा इथे. म्हणजे ज्याला हा संग्रह आवडला, त्याला खरं तर ‘रेकलेस’ आवडला आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही.

दिंडोरी-निफाडकडचा द्राक्ष बागायतदार मण्यांची विरळणी करताना हात आखडत नाही. घड गच्च राहिला तर मणी फुगत नाही आणि आतवर हवाही जात नाही. ‘रेकलेस’च्या या घडावर कात्री नीट चाललेली नाही. सातवं ‘रन टू यू’ आणि आठवं ‘हेवन’ पाठोपाठ, अकरावं ‘समबडी’ आणि बारावं ‘किड्स वाना रॉक’ पुन्हा पाठोपाठ, चारही एकाच अल्बममधली. गंमत म्हणजे त्याच अल्बममधलं ‘वन नाइट लव्ह अफेअर’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेराव्या नंबरापर्यंत चढलं होतं, ते इथे नाही. आणि ‘किड्स वाना रॉक’ तिथे सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, आलंच नव्हतं, ते आहे. नुसता हिशोब पाहिला तर हा अन्याय. पण अडीच मिनिटांचं हे धडाधड गाणं प्रेक्षकांसमोर जे काम करतं, ते दुसऱ्याला जमणारं नाही. निवडणाऱ्याने आकड्यापेक्षा कानाचं ऐकलं, ते बरंच झालं.

मग सांधे ऐकावेत. गाणं संपताना शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस, एवढंच. वेगवेगळ्या सालची, वेगवेगळ्या निर्मात्यांची गाणी एका माळेत ओवली की आवाजाची पातळी आणि पोत बदलतो. ‘रेकलेस’च्या काळात अ‍ॅडम्सबरोबर निर्माता होता बॉब क्लिअरमाउंटन. त्याचे ड्रम मोकळ्या खोलीत वाजल्यासारखे. १९९१ चा निर्माता मट लँग म्हणजे गिटारवर गिटार, कोरसवर कोरस, थरावर थर. या संग्रहातला सर्वांत अवघड सांधा नऊ-दहाचा: ‘कट्स लाइक अ नाइफ’चं ‘ना ना ना’ ओसरतं आणि ‘एव्हरीथिंग आय डू’चे हळुवार सूर सुरू होतात. त्र्यंबक रोडला गाडीत ऐकत असाल तर हात आपोआप आवाज वाढवायला जातो आणि दोन गाण्यांनंतर घाईघाईने कमी करायला.

गाडीत ऐकून निकाल देऊ नये, तो याचसाठी. इंजिनाच्या घरघरीत दाबून सपाट केलेला आवाजच उलट बरा वाटतो. घरी हेडफोन लावून ऐकलं की कळतं, ड्रमचा ठोका अंगावर येत नाही, नुसता वाजतो. नव्या ‘रीमास्टर’बद्दल, म्हणजे जुन्या मुद्रणाचा आवाज पुन्हा घडवलेल्या आवृत्तीबद्दल, शंका असेल तर फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. लाटांची डोकी सरळ रेषेत छाटलेली दिसली तर आवाज दाबून वाढवलाय असं समजावं. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या पातळीचं माप) आसपास आणून ठेवतं, त्यामुळे तिथे वाढवलेल्या आवाजाचा फायदा शून्य, छाटलेपण तेवढं राहतं.

लांबीही बघावी. ‘एव्हरीथिंग आय डू’ हे ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलेलं गाणं मूळ अल्बमवर साडेसहा मिनिटांचं आहे. रेडिओसाठी ते चारच्या आसपास आणलं. कुठल्या संग्रहात चार मिनिटंच दिसली तर शेवटची गिटारची मजा गेली म्हणून समजा. आणि २०२२ चं साल दिसलं तर ते ‘क्लासिक’ नावाने पुन्हा गायलेलं रूप असू शकतं. जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असले की गायक तेच गाणं नव्याने गातो, नवं मुद्रण त्याचं स्वतःचं. व्यवहार म्हणून योग्यच, पण पंचविशीतला घसा साठीत कुठून आणणार?

अशा संग्रहात एक नवं गाणं आमिष म्हणून असतंच, आणि बहुतेकदा ते भरतीचं असतं. इथलं ‘प्लीज फर्गिव्ह मी’ तसं नाही, स्वतःच्या बळावर गाजलं. मात्र त्याच साली आलेलं, स्टिंग आणि रॉड स्टुअर्टबरोबरचं ‘ऑल फॉर लव्ह’ इथे नाही, आणि १९९५ चं ‘हॅव यू एव्हर रिअली लव्ह्ड अ वुमन’ असणं शक्यच नव्हतं. ती हवी असतील, शिवाय पहिल्या दोन अल्बमचा वासही घ्यायचा असेल, तर २००५ चा दोन डिस्कचा ‘अँथॉलॉजी’ घ्यावा. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मात्र थेट ‘रेकलेस’ द्यावा.

तरीही ‘सो फार सो गुड’ची जुनी सीडीच घ्यायची असेल, तर ती वाचताना लेझर आतून बाहेर जातो हे ध्यानात ठेवा. शेवटचं गाणं बाहेरच्या कडेजवळ, म्हणजे सगळ्यांची बोटं लागतात तिथे. चरे असले तर ‘प्लीज फर्गिव्ह मी’च आधी अडखळणार. चौदावं पूर्ण वाजवून बघावं, मगच पैसे द्यावेत.