गवताच्या धावपट्टीसाठी स्वस्तातलं विमान
विदर्भातल्या काळ्या मातीवर उतरायचं तर किमतीआधी पुढचं चाक बघा. सेसना १५० हे नाकाखाली चाक असलेलं दोन आसनी विमान स्वस्त पडतं, पण उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीत नाकाचं चाक अडकलं की धक्का थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला जातो. तिथला सुरकुतलेला पत्रा, सैल रिव्हेट घेण्यापूर्वी तपासाच. मला तर शेपटीला चाक असलेलं, मोठे ८.००-६ मापाचे टायर बसणारंच विमान पटतं.

मग इंजिन. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांवर, ४५ अंशांत हवा साधारण ४,८०० फुटांवरच्याइतकी विरळ होते. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून १०० अश्वशक्तीत दोघं आणि भरलेली टाकी नकोच. मे महिन्यात भल्या पहाटेच उडा. हलक्या विमानांतल्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं, त्यामुळे पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरू नका.

पावसाळ्यात चिखल चाकांच्या आवरणात गच्च बसतो. ती आवरणं आधीच काढून ठेवा.