संकासूर आला आणि शटर पडेना

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात रात्रीची झोप परवडत नाही. देवळासमोर पालखी फिरते, दुकानांचे दिवे लागतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो तो उजाडेपर्यंत चालतो. लग्नांचे फोटो काढणं हे माझं पोट. पण वर्षातून चार-पाच रात्री मी या नाटकांसाठी राखून ठेवतो. त्यातलीच ही एक रात्र. त्या वेळी एका दशावतारी कंपनीसाठी फोटो काढायचं ठरलं होतं आणि माझ्या डोक्यात वेगळाच विषय चालू होता: जुनी पन्नासची लेन्स ठेवायची की विकून नवी घ्यायची?

जुनी म्हणजे निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी, २००२ सालचं मॉडेल. सहा भिंगं, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी, रिंग लेन्सवरच. नवी म्हणजे २०११ मध्ये आलेली ५० एमएम एफ १.८ जी. सात भिंगं, त्यातलं एक ॲस्फेरिकल, म्हणजे वेगळ्या वक्राचं, आणि फोकसची मोटर लेन्सच्या पोटात. डीला स्वतःची मोटर नाही. कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर माउंटमधल्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यातल्या, बारीक स्क्रूने तिचा फोकस फिरवते. एका मित्राकडून मी जी दोन दिवसांसाठी मागून आणली होती. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगीही सोबत होती. तिची बॉडी डी५३००, म्हणजे बिनमोटरची. कोल्हापुरात तिला एक वापरलेली डी नवीन जीपेक्षा बरीच स्वस्त मिळत होती आणि तिचा जीव त्या सौद्यात अडकला होता. मी तिला म्हटलं, सौदा नंतर बघू, आधी आजची रात्र माझी डी लावून काढ.

रंगपट म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची एक खोली. प्रत्येक नट आपल्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसलेला, हातात छोटा आरसा, वर एक बल्ब. दशावतारात रंगभूषाकार वेगळा नसतो, जो तो आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्टी करणारे नट डोळे रेखत होते. माझ्या बॉडीवर तेव्हा डी होती. मी हातभर अंतरावर बसलो, फोकस घेतला आणि लेन्सने घर्र, घर्र केलं. लग्नाच्या बँडमध्ये हा आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. त्या खोलीत मात्र काजळाची काडी धरलेला हात थबकला.

"कसलो आवाज तो? वायच थांब, डोळे रेखतंय."

मी थांबलो. दीड तास चाललेली त्यांची एकाग्रता माझ्या एका घर्रने मोडली, हे मला फार लागलं. लगेच जी चढवली. तिचा फोकस हवेसारखा सरकला, कुणाची मान हलली नाही. त्या घटकेला मी मनाशी ठरवून टाकलं होतं की डी विकायची.

काढलेली डी मी मुलीच्या हातात दिली. तिच्या बॉडीवर ती लावली की ऑटोफोकस बंद, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. अशा वेळी लेन्सची फोकसची रिंग हाताने फिरवायची, व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस बसला असं समजायचं. ऐकायला सोपं आहे. पण एक मीटरवरून एफ २ वर, म्हणजे छिद्र जवळपास पूर्ण उघडं असताना, त्या बॉडीत पुढे-मागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटरच धारदार येतं, आणि या लेन्सची रिंग इतकी सैल की बोट जरा घसरलं तरी फोकस डोळ्यावरून कानावर. ती भिंतीला पाठ टेकून, कोपर गुडघ्यावर रोवून बसली. श्वास सोडताना रिंग फिरवायची, ठिपका लागला की थांबायचं. आणि मला एकदम कळलं की आता आवाजच नाही. स्क्रू फिरवायला मोटर नाही, मग घर्र येणार कुठून? मला ज्या आवाजासाठी ती लेन्स नकोशी झाली, तो आवाज तिच्या कॅमेऱ्यावर जन्मालाच येत नव्हता.

त्या खोलीतला सगळ्यात चांगला फोटो तिचा आहे. आरशात अर्धाच रंगवलेला चेहरा, एक डोळा बाईचा आणि एक अजून बाप्याचा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या तिच्या किट लेन्सने तो निघाला नसता. पन्नासवर ती लेन्स एफ ५.६च्या आसपास असते, १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते.

तिथून बाहेर आल्यावर मी डी परत घेतली आणि माझ्या जुन्या एफएम२ला लावली. हा माझा फिल्मचा कॅमेरा, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. दशावतारी मंडळींचा पेटारा असतो, त्यात देवाचे मुखवटे आणि नाटकाचं साहित्य. त्याची पूजा होते. पेटाऱ्यापुढची निरांजनं मला ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मवर हवी होती. एफएम२ला ॲपर्चर लेन्सवरच्या रिंगनेच द्यावं लागतं. जीला रिंगच नाही, त्यामुळे या कॅमेऱ्यावर तिचं छिद्र लहानात लहान होऊन बसतं आणि तिथून हलत नाही. डीवर मी २ लावलं, एक तीसांश सेकंद, मीटरचा मधला लाल गोळा लागला, तीन फ्रेम काढल्या.

आणि इथेच मी चुकलो.

नाटक उभं राहिलं. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव असा आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, पुढे सरकत होता, हार्मोनियम आणि पखवाज चढत होते. मागे रंगीत बल्बांच्या माळा होत्या. या माळांवर दोन्ही लेन्सची तुलना करावी म्हणून मी जी उतरवून पुन्हा डी चढवली. तेवढ्यात संकासूर आला. काळा पोशाख, वेद पळवायला आलेला राक्षस, पोरं किंचाळत मागे सरकताहेत. मी शटर दाबलं, पडेना. पुन्हा दाबलं. डिस्प्लेवर एफईई लुकलुकत होतं.

डिजिटल बॉडीवर डीची रिंग २२च्या नारिंगी आकड्यावर नेऊन छोट्या खटक्याने लॉक करावी लागते, मग ॲपर्चर बॉडी सांभाळते. माझी रिंग अजून निरांजनांच्या २वरच होती. अंधारात हाताला रिंग गवसेना, खटका गवसेना. पाच-सहा सेकंद गेली असतील. तेवढ्यात संकासुराची ती पहिली झेप होऊन गेली. नंतर तो तासभर मंचावर होता, मी शंभर फोटो काढले, पण पोरं मागे सरकली ती एकदाच. ती फ्रेम माझ्याकडे नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाकीची रात्र मी आलटून पालटून दोन्ही वापरल्या. पहाटे घरी येऊन पडवीत लॅपटॉप उघडला. एफ १.८वर डीच्या मुकुटांना, जरीला एक धुकट पांढरी झालर होती, काळे रंग थोडे राखाडी. जीचे काळे त्याच ठिकाणी घट्ट होते, नटाची भुवई वेगळी दिसत होती. २.८वर गेल्यावर धारेत फरक उरला नाही, पण मागचे बल्ब वेगळे झाले. दोन्ही लेन्सना ॲपर्चरची पाती सातच. डीची सरळ आहेत म्हणून तिचे बल्ब सात कोनांचे, जीची गोलसर आहेत म्हणून तिचे जवळपास गोल. ४वर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे मला फायलीतली माहिती उघडल्याशिवाय सांगता आलं नाही. वेगाचं म्हणाल तर माझ्या मोटरवाल्या बॉडीवर डी जीच्या मागे नव्हती. उलट काळ्या संकासुरावर जी एक-दोनदा पुढे-मागे शोधत बसली.

मुलीने विचारलं, "दादा, मग कोल्हापूरवाल्याला हो सांगू?"

मी तिला तिचेच मंचावरचे फोटो दाखवले. रंगपटात बसलेला नट तिने हाताने पकडला होता, गिरकी घेणारा विष्णू चाळीसमधे दोनदा. तिच्या बॉडीवर नाचत्या माणसासाठी ऑटोफोकस हवाच, आणि पुढे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, घेतलाच तर त्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवरही जी फोकस करेल, डी करणार नाही. त्यात ती कोल्हापूरची लेन्स आम्ही नंतर प्रत्यक्ष पाहिली. मोबाइलचा टॉर्च मागून धरला तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. आपल्या दमट हवेत जुनी लेन्स घेताना हे बघायलाच हवं, आणि पात्यांवर तेल आलंय का तेही. तिने नवीन जी घेतली. थोडे पैसे कमी पडत होते, ते दोन लग्नांच्या कामातून फिटले.

मीही जी घेतली, रंगपटासाठी. रबराची बारीक कड तिच्या माउंटला आहे, जत्रेच्या धुळीत तेवढाच आधार. डी विकली नाही. निरांजनांचा रोल धुऊन आला तेव्हा तिसऱ्या फ्रेममध्ये ज्योतीभोवती लॅपटॉपवर मला खटकलेली तीच धुकट झालर होती. फिल्मवर ती इतकी जवळची वाटली की मोठी प्रिंट काढून मी कंपनीच्या मालकांना नेऊन दिली. ती आता त्यांच्या पेटाऱ्याच्या खोलीत आहे.

एफएम२वरून डी उतरवली की मी आधी रिंग २२वर नेतो, खटका लावतो, नखाने ओढून बघतो, आणि मगच मागचं झाकण बसवतो.