पूजा साहित्य, २०० ग्रॅम

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका पोराचा फोन आला, दादा कुरियरची फ्रँचायझी घ्यायची म्हणतो, धंदा कसा आहे. त्याला डिपॉझिट सांगितलं, कमिशन सांगितलं, नागपूर हबची गाडी संध्याकाळी किती वाजता येते ते सांगितलं, आणि बोलता बोलता एका पार्सलात निघालेल्या चोरट्या मालाच्या डबीवर आलो तर पाऊण तास तिथेच गेला. म्हटलं एकदाचं लिहूनच टाकतो.

माझं दुकान चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या समोर. ताडोबा वाघ प्रकल्पाचा बफर, म्हणजे जंगलाच्या कडेचा पट्टा, इथून गाडीने अर्धा तास. दहा बाय बाराची खोली, त्यातच कुरियर, झेरॉक्स, रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म. बुकिंग म्हणजे काय, राख्या, पुण्याच्या पोराला आईने पाठवलेलं लोणचं, कोर्टाचे कागद, कोणाचा तरी न बसलेला ड्रेस वापस.

तर एक माणूस यायचा. पन्नाशीचा, स्वच्छ कपडे, बोलायला गोड. जडीबुटीचा धंदा आहे म्हणायचा. महिन्याभरात दोनदा आला, दोन्ही वेळेस छोटं खोकं, दोन वेगवेगळ्या शहरांचे पत्ते. आत काय आहे त्या रकान्यात मी त्याने सांगितलं तसं लिहिलं, पूजा साहित्य, २०० ग्रॅम. आधारची झेरॉक्स घेतली, सही मारली, गेलं पार्सल.

तिसऱ्या वेळेस पाऊस होता. खोकं खालून ओलं झालेलं, टेप सुटून राहिली होती. मी म्हटलं असं हबला फेकतील, नवीन पॅकिंग करून देतो. त्याने नाही म्हणायच्या आधीच मी उघडलं. आत स्टीलची डबी, डबीत शेंदूर, आठदहा लवंगा, आणि मधात बोटाएवढं काळपट वाळकं काहीतरी, दोन हात कोपरापासून जोडावे ना तसं.

"हे काय होय जी?"

"हत्थाजोडी. झाडाची मुळी होय, अमरकंटकच्या डोंगरातली. तिजोरीत ठेवतेत लोक. तुमाले पाहिजे का एक?"

पण वास मुळीचा नव्हता. वरून लवंग, अत्तर आणि त्याच्या खाली सुकटीसारखा. ज्याने सुकट खाल्ली आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही. आणि मला एकदम आठवलं, ताडोब्याच्या कोलारा गेटवर गाईड असलेल्या मित्राने कधीतरी व्हॉट्सॲपवर असाच फोटो टाकला होता. ती मुळीबिळी काही नसते. नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं ते, कापून वाळवलेलं. ते मुळातच दोन फाट्यांचं असतं म्हणून जोडलेल्या हातासारखं दिसतं, आणि लोक त्याला शेंदूर फासून लक्ष्मी म्हणून पुजतात. २०१७ मध्ये हे बाहेर आलं तेव्हा मोठमोठ्या शॉपिंग वेबसाइटवर ही वस्तू बिनधास्त झाडाची मुळी म्हणून विकायला होती, मग बोंब झाल्यावर काढल्या त्या जाहिराती. त्यातल्या कित्येक तर प्लॅस्टिकच्याही निघाल्या म्हणे, म्हणजे फसवणुकीतही फसवणूक.

मी काय केलं? काही शौर्य केलं नाही. "कंपनी हे घेत नाही जी," एवढंच म्हटलं. तो चिडलाही नाही. डबी उचलली, रस्ता ओलांडला, समोर पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती, क्लिनरच्या हातात डबी आणि काही नोटा दिल्या, क्लिनरने डिक्कीत टाकली. माझ्याकडे आधार, पत्ता, पिनकोड, सही लागते, तिकडे काहीच लागत नाही. पाच मिनिटांत काम झालं आणि मी काउंटरवर हात ठेवून पाहत राहिलो.

त्या दिवशी मी फोन केला नाही कोणालाच. खरं सांगतो, फाटली होती. आधीच्या दोन पावत्यांवर माझीच सही आहे ना. रात्री मोबाइलवर कायदा वाचत बसलो तर अजूनच झोप उडाली. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड कमीत कमी २५,००० रुपये. कलम ५७ तर असं की वस्तू तुमच्या ताब्यात सापडली तर ती बेकायदा नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. आणि कलम ५८ कंपन्यांसाठी. गुन्हा कंपनीच्या हातून झाला तर तिथला कारभार ज्याच्याकडे तो माणूस जबाबदार, त्याने माहीत नव्हतं, पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवलं तरच सुटतो. आता सांगा, पुरेशी काळजी म्हणजे काय? ओळखायचं कसं हे मला कोणी शिकवलंच नाही तर मी काळजी कशाची घेऊ?

कंपनीचं पुस्तक काढून पाहिलं. काय पाठवायचं नाही त्याची यादी आहे, नाही असं नाही. दोन पानं इंग्रजी, बारीक अक्षर, फटाके, रोख रक्कम, ॲसिड, आणि त्याच्या मधात कुठेतरी प्राणी व प्राण्यांचे भाग. फोटो एक नाही, मराठी एक शब्द नाही. नागपूरला दोन दिवस ट्रेनिंग झालं होतं, त्यात स्कॅनर कसा धरायचा, कॅश ऑन डिलिव्हरीचा हिशोब आणि टार्गेट. मी एरियाच्या साहेबाला फोन करून डबीचं सांगितलं तर म्हणतो, बरं केलं नाही घेतलं, पण या महिन्याचं बुकिंग काहून कमी आहे तुझं?

वरच्या पातळीवर लै काही होत असते तसं. २०१६ च्या मार्चमध्ये लंडनला बकिंगहम राजवाड्यात विमान कंपन्या, जहाज कंपन्या, बंदरं अशा सगळ्यांनी सह्या केल्या की वन्यजीवांचा चोरटा माल आम्ही वाहणार नाही. २०१८ मध्ये गुगल, ईबे वगैरे बड्या इंटरनेट कंपन्या डब्ल्यूडब्ल्यूएफ, ट्रॅफिक अशा वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांसोबत एकत्र आल्या ऑनलाइन तस्करी थांबवायला. ईबेने तर हस्तिदंताची विक्री २००९ लाच बंद केली होती. मी याला नाटक म्हणत नाही, जाहिरात निघाली की गिऱ्हाईक तुटते हे खरं आहे. पण राजवाड्यातली सही माझ्या काउंटरपर्यंत यायला मधात किती हब लागतात ते कोणी मोजलं नाही. विमानाने जाणारा माल एक्स-रेतून जातो. माझा माल टेम्पोने जाते, रोडनेच दुसऱ्या टोकाला पोचते, त्याला फक्त मी पाहतो. आणि मी पाहतो ते वजनासाठी.

आमच्याकडे हे सगळं किती जवळ आहे पहा. मांडूळ, वीस नखांचं कासव, खवले मांजर, हे सगळे पैशाचा पाऊस पाडणाऱ्या भोंदूंचे आयटम. रानडुकरासाठी कुंपणात करंट सोडतात, त्यात वाघ मेला की नखं आणि मिशा गायब. जानेवारी २०२५ मध्ये राजुऱ्याजवळ वाघाच्या शिकाऱ्यांची टोळी पकडली, तर धागे पार शिलाँगपर्यंत निघाले. (यावरून एका अख्ख्या जमातीला शिव्या देणारे खूप भेटतात, त्यांनी जरा विचार करावा की घेणारा कोण आहे. तिजोरी कोणाकडे असते?) एवढ्या लांबचा व्यवहार म्हणजे मधात कोणाची गाडी, कोणाचं लॉज, कोणाचं बँक खातं आलंच. आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्यासारखाच रकाना भरून सही मारली असेल.

शेजारचा पेंटर माझं ऐकून हसला होता आधी. मग मी त्याला विचारलं, काका तुमचा तो जुना भारी ब्रश कशाचा? मुंगसाच्या केसांचा. एक किलो केसांसाठी साधारण ५० मुंगसं मारावी लागतात. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ऑपरेशन क्लीन आर्ट नावाने देशभर या ब्रशवर धाडी टाकल्या होत्या. काका म्हणे, "मले त दुकानदारानं दिला, मी घेतला. आता फ्लेक्समुळं बोर्डच नाही राह्यले त ब्रश कुठचा." त्यांच्या बाबतीत मुंगूस फ्लेक्सने वाचवलं, कायद्याने नाही.

पंधरा दिवसांनी शेवटी मी १९२६ लावला. वनविभागाची हेल्पलाइन, बिनपैशाची. दोन दिवसांनी दोघं आले, जबाब घेतला, दोन्ही पावत्यांची झेरॉक्स मीच काढून दिली, माझ्याच मशीनवर. मला कोणी आत टाकलं नाही. उलट त्यातला तरुण गार्ड मोबाइलमधले फोटो दाखवत बसला, खवले मांजराचे खवले कसे दिसतात, खरं वाघनख आणि शिंगाचं कोरलेलं यात फरक काय. वीस मिनिटांचं काम. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये ही वीस मिनिटं मावली असती.

ते फोटो मी रंगीत प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली लावले, खाली मराठीत लिहिलं, हे घेत नाही, आणि नंबर. लहान खोकं असलं की आता समोर उघडायला लावतो. काही गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या कुरियरला गेले, त्याचं नुकसान माझं, कंपनीचं टार्गेट तेवढंच आहे. एक प्रिंट ट्रॅव्हल्सच्या बुकिंगवाल्या पोराला नेऊन दिली. त्याने घेतली, पाहिली, म्हणे "दादा, डिक्कीत आमीच वाकून पाहत नाही, त हे कोन पाह्यन?" पण फेकली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली.

तो माणूस पुन्हा आला नाही. त्या दोन पार्सलांचे नंबर मी अधूनमधून टाकून पाहतो, काही बदलणार नसते हे माहीत असून. दोन्ही डिलिव्हर्ड, घेणाऱ्याची सही आहे.